समान गटखुणेनुसार नोंदींचे गटीकरण : संगणकीय पद्धती आणि गटखुणेच्या निवडीचे महत्त्व

सारांश

नोंदींच्या लांबलचक यादीतील समान गुणधर्माच्या नोंदी एकत्र आणणे ही संगणकीय माहितीप्रक्रियेतील मूलभूत क्रिया आहे. प्रस्तुत लेखात या क्रियेचे स्वरूप, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि तिच्या प्रमुख पद्धती यांचे सोदाहरण विवेचन केले आहे. त्यानंतर गटीकरणाचा आधार असलेल्या गटखुणेची निवड, मराठी नावांच्या लेखनभेदांमुळे उद्भवणाऱ्या अडचणी, रिक्त नोंदींचा प्रश्न आणि गटांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची विश्वसनीयता यांची चर्चा केली आहे. गटीकरणाची आज्ञा लिहिणे सोपे आहे. तिच्या उत्तराची सत्यता मात्र गटखुणेवर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजशब्द : नोंद, यादी, गटखूण, गटीकरण, क्रमवारी, हॅश, युनिकोड, गटसार.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाची प्रवेशयादी, ग्रंथालयाची देवघेव नोंदवही, दूध संस्थेचे दैनंदिन संकलन किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी यांपैकी कोणतीही माहिती मूलतः एकाखाली एक लिहिलेल्या नोंदींची यादी असते. यादी जशी तयार होते तशीच ठेवली, तर तिच्यातून फारसा बोध होत नाही. कोणत्या तालुक्यातून किती विद्यार्थी आले, कोणत्या विषयाची पुस्तके अधिक वाचली गेली, कोणत्या वाडीची पट्टी थकली, असे प्रश्न विचारताच यादीची गटांत विभागणी करावी लागते. कारकून पूर्वी हेच काम कागदावर तालुकावार रकाने आखून करीत असे. संगणक ते क्षणार्धात करतो.

या वेगामुळे एक धोकाही निर्माण झाला आहे. कागदावर काम करणाऱ्या अनुभवी कारकुनाला ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ ही एकाच गावाची नावे आहेत हे ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. तो दोन गट करतो आणि कोणतीही चूक न दाखवता तक्ता छापून देतो. म्हणूनच गटीकरणाच्या यांत्रिक बाजूबरोबर तिच्यामागील निर्णयाची बाजूही अभ्यासणे आवश्यक ठरते.

२. संकल्पना आणि परिभाषा

‘नोंद’ म्हणजे एका व्यक्तीविषयी, वस्तूविषयी किंवा घटनेविषयी एकत्र ठेवलेली माहिती. नोंदीत अनेक रकाने असतात. उदाहरणार्थ, प्रवेशाच्या नोंदीत प्रवेश क्रमांक, तालुका, शाखा आणि वर्ष हे रकाने असू शकतात. ज्या रकान्यातील मूल्य समान असल्यास दोन नोंदी एका गटात घालावयाच्या, त्या मूल्याला संगणकशास्त्रात ‘की’ असे म्हणतात. मराठी वाक्यातील ‘की’ या अव्ययाशी गोंधळ होऊ नये म्हणून प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘गटखूण’ हा शब्द योजला आहे.

गटखूण एकाच रकान्याची असते असे नाही. तालुका आणि शाखा मिळून संयुक्त गटखूण तयार करता येते. तसे केल्यास ‘पाटण, कला’ आणि ‘पाटण, विज्ञान’ हे दोन स्वतंत्र गट होतात. नोंदीतून गणिताने काढलेले मूल्यही गटखूण होऊ शकते. जन्मतारखेवरून काढलेले जन्मवर्ष हे याचे उदाहरण होय.

गटीकरणाचा एक मूलभूत नियम असा, की प्रत्येक नोंद कोणत्या ना कोणत्या गटात जावी आणि एकाच गटात जावी. गणितातील संचविभाजनाची कल्पना हीच आहे. या नियमामुळे ‘समान’ या शब्दावर मोठी जबाबदारी येते. दोन मूल्ये समान आहेत हे कोणी व कोणत्या निकषावर ठरवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गटीकरणापूर्वीच द्यावे लागते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

गटीकरणाची गरज आधुनिक संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ यांनी छिद्रित पत्रांवर चालणारी विद्युत यंत्रणा तयार केली. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पत्र असे आणि तिची माहिती त्यावरील छिद्रांच्या जागांनी दर्शविली जाई. पत्र यंत्रात दाबताच छिद्रांतून विद्युतमंडल पूर्ण होऊन संबंधित गणकाचा काटा पुढे सरके. त्याच वेळी शेजारच्या पेटीतील ठरावीक कप्प्याचे झाकण उघडे आणि कर्मचारी ते पत्र त्या कप्प्यात टाकी. ‘खूण पाहा, कप्पा शोधा, नोंद त्यात टाका’ हे आजच्या गटीकरणाचे सूत्र त्या पेटीत प्रत्यक्ष दिसत होते. हॉलेरिथ यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेली कंपनी पुढे १९११ च्या विलीनीकरणात सामील झाली आणि त्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या कंपनीला १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले.

आयबीएममध्येच हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात हॅश पद्धतीची कल्पना मांडली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याचे संबंधाधारित प्रारूप मांडले. त्याच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी प्रश्नभाषा प्रसिद्ध केली, तिच्यापासून पुढे एसक्यूएल विकसित झाली. या भाषेतील ‘ग्रुप बाय’ हा शब्दप्रयोग आज गटीकरणाचा जणू पर्याय झाला आहे. डोनाल्ड नूथ यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात समान ओळखीच्या बाबी एकत्र आणणे हा क्रमवारीचा एक प्रमुख उपयोग असल्याचे नोंदविले आहे. गूगलमधील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धती मांडली. तिच्यात हजारो संगणकांवर विखुरलेल्या नोंदी गटखुणेनुसार एकत्र आणून प्रत्येक गटाचे सार काढले जाते. साधने बदलली तरी मूळ क्रिया कायम राहिली, हे या प्रवासातून स्पष्ट होते.

४. गटीकरणाच्या पद्धती

विवेचनाच्या सोयीसाठी सहा काल्पनिक नोंदींची पुढील यादी घेऊ.

१०१ – कऱ्हाड
१०२ – पाटण
१०३ – कऱ्हाड
१०४ – वाळवा
१०५ – पाटण
१०६ – कऱ्हाड

अपेक्षित उत्तर असे : कऱ्हाड गटात १०१, १०३, १०६; पाटण गटात १०२, १०५; वाळवा गटात १०४.

४.१ वारंवार शोधाची पद्धत

प्रथम निरनिराळ्या तालुक्यांची नावे काढावयाची आणि प्रत्येक नावासाठी संपूर्ण यादी पुन्हा वाचावयाची, ही सर्वांत सरळ पद्धत होय. छोट्या यादीस ती चालते. परंतु नोंदी एक लाख आणि गट तीनशे असल्यास तीन कोटी तुलना कराव्या लागतात. यादी आणि गटांची संख्या दोन्ही वाढत गेल्यास हे काम असह्य होते.

४.२ क्रमवारीची पद्धत

यादी गटखुणेनुसार क्रमाने लावल्यास समान खुणेच्या नोंदी आपोआप शेजारी येतात. मग एकदाच वरून खाली वाचत जावयाचे आणि खूण बदलली की नवा गट सुरू करावयाचा. एक लाख नोंदींसाठी चांगल्या क्रमवारी पद्धतीला साधारणतः सतरा लाख तुलना पुरतात. स्मृतीत न मावणारी प्रचंड यादीही तुकड्यातुकड्यांनी क्रमवार लावून नंतर एकत्र करता येते, हा या पद्धतीचा विशेष लाभ. क्रमवारी ‘स्थिर’ असेल, म्हणजे समान खुणेच्या नोंदींचा मूळ अनुक्रम ती राखत असेल, तर प्रत्येक गटातील नोंदीही मूळ अनुक्रमानेच राहतात.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. पायथन भाषेच्या ‘इटरटूल्स’ या संग्रहातील ‘ग्रुपबाय’ हे साधन केवळ लागोपाठच्या समान नोंदींचा गट करते. युनिक्स प्रणालीतील ‘युनिक’ ही आज्ञाही केवळ लागोपाठच्या समान ओळीच ओळखते. वरील यादी क्रमवार न लावता अशा ‘ग्रुपबाय’कडे दिल्यास तीन गटांऐवजी सहा गट मिळतात, कारण कोणत्याही दोन समान नोंदी शेजारी नाहीत. हे सहा गट पुढे तालुक्याच्या नावाने साठविल्यास नंतरचा गट आधीच्या गटाची जागा घेतो आणि कऱ्हाडच्या नावे केवळ १०६ ही नोंद उरते. कऱ्हाडचे दोन विद्यार्थी यादीतून नाहीसे होतात आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही.

४.३ कप्प्यांची अथवा हॅशची पद्धत

या पद्धतीत यादी क्रमवार लावण्याची गरज नसते. तिचे टप्पे असे :

(१) रिकामा गटकोश घ्यावा.
(२) यादीतील पुढील नोंद वाचून तिची गटखूण काढावी.
(३) त्या खुणेचा कप्पा कोशात नसल्यास नवा रिकामा कप्पा उघडावा.
(४) नोंद त्या कप्प्यात शेवटी जोडावी.
(५) यादी संपेपर्यंत दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

वरील यादीवर हे टप्पे चालविल्यास १०१ वाचताना कऱ्हाडचा कप्पा उघडतो, १०२ वाचताना पाटणचा आणि १०४ वाचताना वाळव्याचा. उरलेल्या नोंदी आधीच उघडलेल्या कप्प्यांत जातात. प्रत्येक नोंद एकदाच वाचली जाते.

कप्पा तत्काळ सापडतो याचे कारण हॅश फलन हे होय. हे फलन गटखुणेवरून एक संख्या काढते आणि ती संख्या कप्प्याची जागा सुचविते. दोन भिन्न खुणांसाठी एकच जागा सुचविली जाऊ शकते. म्हणून त्या जागी पोचल्यावर मूळ खुणांची प्रत्यक्ष तुलना करावीच लागते. असे प्रसंग थोडे असल्यास कामाचा वेग नोंदींच्या संख्येच्या प्रमाणात राहतो. ते फार वाढल्यास वेग झपाट्याने घटतो. मुद्दाम अशा खुणा पाठवून संगणक सेवा ठप्प करता येते, हे २०११ मध्ये जाहीरपणे दाखविण्यात आल्यानंतर अनेक भाषांनी आपल्या हॅश फलनात यादृच्छिकतेचा अंतर्भाव केला.

आज बहुतेक भाषांत ही पद्धत तयार स्वरूपात मिळते. जावाच्या आठव्या आवृत्तीत २०१४ पासून ‘ग्रुपिंगबाय’ उपलब्ध आहे, तर जावास्क्रिप्टच्या २०२४ च्या मानकात ‘ग्रुपबाय’चा समावेश झाला. पोस्टग्रेस-एसक्यूएलसारखी माहितीसाठा प्रणाली क्रमवारी आणि हॅश यांपैकी कोणती पद्धत स्वस्त पडेल याचा अंदाज घेऊन स्वतःच निवड करते. त्यामुळे पद्धतीची चिंता आज्ञावली लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून बरीचशी उतरली आहे. गटखूण कोणती घ्यावी ही चिंता मात्र कोणतीही प्रणाली उतरवू शकत नाही.

५. गटखुणेची निवड : नाव आणि संकेतांक

गटखुणेच्या निवडीत दोन प्रकारचे दोष संभवतात. एकाच वस्तूला अनेक खुणा मिळाल्यास एक गट फुटून अनेक होतात. अनेक वस्तूंना एकच खूण मिळाल्यास वेगळे गट मिसळून एक होतात. गावांची आणि तालुक्यांची नावे या दोन्ही दोषांची उत्तम उदाहरणे आहेत.

कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे, तसे रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत, आष्टी बीड व वर्धा या दोन्ही जिल्ह्यांत, तर कळंब धाराशिव व यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत आढळते. राज्यव्यापी यादीचे केवळ तालुक्याच्या नावाने गटीकरण केल्यास कोकणातील खेड आणि भीमेच्या खोऱ्यातील खेड यांची बेरीज एकत्र होते. येथे जिल्हा आणि तालुका मिळून संयुक्त गटखूण घेणे अपरिहार्य ठरते.

परंतु जिल्ह्याचे नावही काळाबरोबर बदलते. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. दहा वर्षांच्या प्रवेशनोंदी नावाने गटबद्ध केल्यास जुन्या नावाचा गट एका वर्षी अकस्मात संपतो आणि नव्या नावाचा गट त्याच सुमारास उगवतो. ही बाब न जाणणारा वाचक त्यावरून विद्यार्थिसंख्या घटल्याचा निष्कर्ष काढू शकेल.

या अडचणींवर संकेतांक हा उपाय आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक देण्यात आला. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही जिल्हा, तालुका व गाव यांना संकेतांक आहेत. गटीकरण संकेतांकाने करावे आणि नाव केवळ तक्त्यात दर्शविण्यासाठी वापरावे, हा सर्वसाधारण नियम सांगता येतो. जिल्ह्याचे विभाजन झाल्यास मात्र संकेतांकही पुरा पडत नाही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या ठाण्याची आणि नंतरच्या ठाण्याची तुलना करताना गटाची व्याप्तीच बदललेली असते. अशा वेळी तालुका पातळीवर गट करून मग आवश्यक त्या सीमेनुसार बेरीज करणे अधिक सुरक्षित होय.

६. देवनागरी लेखन आणि ‘समान’ शब्दाचा अर्थ

प्रत्यक्षात जुन्या नोंदींत संकेतांक नसतात. हाताने टंकलिखित केलेली नावेच असतात. तेथे मराठी लेखनाचे काही खास प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न शुद्धलेखनाचा. मराठीच्या लेखननियमांनुसार गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे असते. तरीही अर्जांत ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ ही दोन्ही रूपे येतात. ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ ही तर दोन्ही व्यवहारात रूढ आहेत.

दुसरा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या भेदाचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठविलेले आढळते. पहिल्या प्रकारात नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, मग वेगळा नुक्ता आणि मग हलन्त असतो. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘शून्यरुंदी जोडक’ हे अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसू शकतात. संगणकाच्या दृष्टीने ती तीन भिन्न अक्षरमालिका होत. युनिकोडच्या प्रमाणीकरण प्रक्रियेने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे रूप त्या प्रक्रियेनंतरही वेगळेच राहते. त्याचे रूपांतर करण्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

तिसरा प्रश्न किरकोळ वाटणाऱ्या खुणांचा : नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, दोन शब्दांमधील दुहेरी अंतर, ‘ता. पाटण’ असे उपपद, तसेच ‘१२’ आणि रोमन लिपीतील अंकांनी लिहिलेले बारा. यांपैकी प्रत्येक भेद स्वतंत्र गट निर्माण करतो.

याचे परिणाम केवळ तांत्रिक नसतात. समजा, एखाद्या वसतिगृहाच्या जागा तालुकावार अर्जसंख्या पाहून वाटावयाच्या आहेत आणि ज्या तालुक्यातून पन्नासांहून अधिक अर्ज आले त्यास स्वतंत्र कोटा द्यावयाचा आहे. कऱ्हाड तालुक्यातून साठ अर्ज आले. परंतु नावाच्या तीन रूपांमुळे तक्त्यात ते ४१, १४ आणि ५ असे विभागले गेले. एकही गट पन्नासांपर्यंत पोचत नाही. अर्ज सर्व आहेत, बेरीजही बरोबर आहे, तरीही साठ विद्यार्थ्यांचा हक्क तक्त्यातून निसटला. ज्यांच्या नावांचे लेखन अधिक अस्थिर असते, त्यांचे गट अधिक फुटतात. वाड्या-वस्त्या, पाडे आणि तांडे यांची नावे अर्जदार व टंकलेखक आपापल्या कानाप्रमाणे लिहितात, त्यामुळे हा धोका त्यांनाच सर्वाधिक असतो.

म्हणून गटीकरणापूर्वी गटखुणांचे शुद्धीकरण करावे. अनावश्यक मोकळ्या जागा काढाव्यात, युनिकोड प्रमाणीकरण करावे, अंक एकाच लिपीत आणावेत आणि ज्ञात पर्यायी रूपांचा नामकोश तयार करून प्रत्येक रूप एका प्रमाण रूपाशी जोडावे. मूळ रकाना मात्र पुसू नये. शुद्ध केलेले रूप शेजारच्या रकान्यात ठेवावे. एकत्रीकरणाचा निर्णय चुकल्यास मागे जाण्याची वाट त्यामुळे खुली राहते.

७. रिक्त नोंदींचा प्रश्न

काही नोंदींत गटखूणच नसते. अर्जदाराने तालुका लिहिलेलाच नसतो. अशा नोंदींबाबत निरनिराळ्या साधनांचे वर्तन निरनिराळे आहे. एसक्यूएलमध्ये दोन रिक्त मूल्यांची तुलना केल्यास ती समान ठरत नाहीत. तरीही ‘ग्रुप बाय’ सर्व रिक्त नोंदींचा एक गट करते. पायथनमधील ‘पांडाज’ या संग्रहाचे गटीकरण मात्र वेगळी सूचना न दिल्यास रिक्त खुणेच्या नोंदी वगळून टाकते. एकच यादी दोन साधनांना दिली तर दोन वेगळे तक्ते मिळतात.

यासाठी एक साधी पडताळणी पुरेशी आहे. सर्व गटांतील नोंदींची बेरीज मूळ यादीतील नोंदींच्या संख्येइतकी आली पाहिजे. ती कमी आल्यास काही नोंदी गळाल्या आहेत, जास्त आल्यास काही नोंदी एकाहून अधिक गटांत गेल्या आहेत. ही पडताळणी फुटलेले गट ओळखत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यासाठी सर्व गटखुणांची यादी वर्णानुक्रमे छापून, त्या भागाची माहिती असलेल्या व्यक्तीने ती डोळ्यांखालून घालणे हाच खात्रीचा उपाय होय.

८. गटसार आणि निष्कर्ष

गट तयार झाल्यावर प्रत्येक गटाची संख्या, बेरीज, सरासरी किंवा कमाल मूल्य काढले जाते. यास गटसार म्हणता येईल. संख्या, बेरीज व कमाल मूल्य यांची उपगटांवरून थेट जुळणी करता येते. सरासरीची तशी करता येत नाही. ६० विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी ५० गुण आणि १५ विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी ७० गुण असल्यास दोन सरासऱ्यांची सरासरी ६० येते. प्रत्यक्षात ७५ विद्यार्थ्यांची सरासरी ५४ आहे. म्हणून उपगटांची बेरीज आणि संख्या दोन्ही जपून शेवटी भागाकार करावा. मध्यक काढावयाचा असल्यास तेवढ्यानेही भागत नाही. गटातील सर्व मूल्ये हाताशी असावी लागतात.

गटखुणेची निवड निष्कर्षाची दिशाच कशी पालटू शकते, याचे सुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचे आहे. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत ८४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि ४३२१ स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला. केवळ लिंगभेदानुसार गट केल्यास स्त्रियांवर अन्याय झाल्याचे चित्र दिसते. पीटर बिकेल, यूजीन हॅमेल आणि जे. विल्यम ओ’कॉनेल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या आकडेवारीचे विभागनिहाय विश्लेषण प्रसिद्ध केले. अभ्यासग्रंथांत उद्धृत होणाऱ्या सहा मोठ्या विभागांची प्रवेशाची टक्केवारी अशी :

विभाग अ – पुरुष ६२, स्त्रिया ८२
विभाग ब – पुरुष ६३, स्त्रिया ६८
विभाग क – पुरुष ३७, स्त्रिया ३४
विभाग ड – पुरुष ३३, स्त्रिया ३५
विभाग इ – पुरुष २८, स्त्रिया २४
विभाग फ – पुरुष ६, स्त्रिया ७

सहापैकी चार विभागांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. तरीही या सहा विभागांची एकत्र बेरीज केल्यास पुरुषांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के आणि स्त्रियांचे सुमारे ३० टक्के येते. सुलभ प्रवेशाच्या अ विभागात ८२५ पुरुषांनी आणि केवळ १०८ स्त्रियांनी अर्ज केला होता. अधिक कठीण प्रवेशाच्या क विभागात पुरुष ३२५, तर स्त्रिया ५९३ होत्या. स्त्रियांचे अर्ज कमी जागांच्या विभागांकडे अधिक गेले होते, हे एका गटखुणेच्या तक्त्यात दडून राहिले.

दुसरा तक्ता खरा आणि पहिला खोटा, असा याचा अर्थ नाही. दोन्ही तक्ते अचूक आहेत; ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. विभागांनी प्रवेश देताना पक्षपात केला काय, या प्रश्नासाठी विभाग ही गटखूण आवश्यक आहे. स्त्रिया कमी जागांच्या विषयांकडे का वळतात, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहतो आणि त्याची मुळे आधीच्या शिक्षणात व सामाजिक घडणीत असल्याकडे मूळ संशोधकांनीही लक्ष वेधले होते.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) गटीकरणाची क्रिया छिद्रित पत्रांच्या काळापासून आजपर्यंत तत्त्वतः एकच आहे. क्रमवारी आणि हॅश या तिच्या दोन प्रमुख पद्धती होत.
(२) लागोपाठच्या नोंदींचेच गट करणारी साधने वापरण्यापूर्वी यादी गटखुणेनुसार क्रमवार लावणे अनिवार्य आहे.
(३) बदलत्या आणि पुनरावृत्त होणाऱ्या नावांपेक्षा संकेतांक अथवा संयुक्त गटखूण अधिक विश्वसनीय असते.
(४) देवनागरी नोंदींत दिसायला समान असलेली अक्षरमालिका संगणकाच्या दृष्टीने समान असेलच असे नाही. म्हणून प्रमाणीकरण आणि नामकोश यांची जोड आवश्यक आहे.
(५) रिक्त नोंदींचा स्वतंत्र उल्लेख करावा आणि गटांच्या बेरजेची मूळ संख्येशी पडताळणी करावी.
(६) प्रत्येक तक्त्यासोबत गटखूण कोणती व ती का निवडली, हे नमूद करावे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत गटीकरण शिकविताना आज्ञेच्या रचनेवर भर दिला जातो. तो आवश्यकच आहे. त्याबरोबर विद्यार्थ्यांच्या हाती त्यांच्याच तालुक्याची अशुद्ध, अपुरी आणि निरनिराळ्या हातांनी लिहिलेली यादी द्यावी. कोणत्या दोन नोंदींना समान म्हणावयाचे, हे त्या यादीपुढे बसल्यावर ठरवावे लागते. त्या निर्णयासाठी संगणकाइतकीच गावाची, भाषेची आणि तक्त्यातील माणसांची ओळख लागते, हा धडा त्यातून अधिक पक्का होईल.